'बायकोच नको म्हणते': बदलापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार बदलापूरकर,

तुम्ही नाव दिलेलं नाही, नुसतं 'बदलापूरकर' लिहिलंय, तेव्हा मीही तेच म्हणते. नवराबायको मिळून नवीन काही करत नाहीत ते निव्वळ आळसापायी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा आणि आमच्या ओहोटीच्या वेळच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या फेरीचा दाखला देऊन. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. इतरांनी वाचली नसेल म्हणून इथे देते: "मॅडम, मुलुंडात बसून सल्ले देणं सोपं आहे. मी पहाटे सहाची लोकल पकडतो, रात्री नऊला घरी येतो. हातात एक रविवार. तरी बायकोला तीनदा विचारलं. एकदा पोहायला, एकदा ट्रेकला, एकदा तुमच्या त्या ओहोटी-बिहोटीला. तिन्ही वेळा नको म्हणाली. यात आळस कुणाचा? अमेरिकेतल्या प्रयोगांवरून आमच्या संसाराला नावं ठेवू नका."

'आळस' हा शब्द मी मागे घेते. तो माझ्या हातून का लिहिला गेला तेही सांगणार आहे, पण जरा थांबा.

प्रवासाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मध्य रेल्वेवर तर जोडपं एका गाडीने निघालं तरी प्लॅटफॉर्मवरच फाटे फुटतात. ती लेडीजमध्ये, तो जनरलमध्ये. दीड तास एकाच गाडीत आणि बोलणं काय, तर 'चढलीस का?' एवढा मेसेज. हे सगळं खरं. तरी त्याच एका रविवारी दोन लग्नं, एक वास्तुशांत आणि महिन्याचं वाणसामान उरकतंच ना आपलं? तिथे कुणी 'वेळ नाही' म्हणत नाही. म्हणून मला तुमच्या लोकलपेक्षा ते तीन 'नको' जास्त महत्त्वाचे वाटले.

माझा एक 'नको' सांगते. काही वर्षांपूर्वी नवरा म्हणाला, मुलुंडातल्या कालिदासच्या पोहण्याच्या तलावावर दोघं नाव घालूया, तुला पोहायला येत नाही, शिकशील. मी म्हटलं, पाठ दुखते. पाठ ठणठणीत होती. पोहायचा पोशाख, सोसायटीतल्या बायका, केस, ही कारणं होतीच, पण ती दुय्यम. नवरा मालवणचा, सातव्या वर्षी विहिरीत उड्या मारणारा. मी गटांगळ्या खाणार आणि हा कडेला उभा राहून सूचना देणार, हे चित्र मला स्पष्ट दिसत होतं. त्याच्याकडून गाडी शिकले होते मी! क्लच सोडताना एकदा गाडी बंद पडली तेव्हा तो जो गप्प बसला, तो गप्पपणा अजून कानात आहे.

म्हणजे पोहणं 'आमच्या दोघांसाठी नवीन' नव्हतंच. त्याच्यासाठी ते जुनं आणि माझ्यासाठी परीक्षा. आता तुमचा ट्रेक बघा. तुम्ही पूर्वी किती केलेत आणि वहिनींनी किती?

तुम्हाला खटकलेला तो अमेरिकेतला प्रयोग मी मागच्या वेळी घाईघाईत गुंडाळला होता, ती चूक माझी. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. जोडप्याचं एकेक मनगट आणि एकेक घोटा वेल्क्रोच्या पट्टीने एकमेकांना बांधायचा आणि दोघांनी व्यायामाच्या चटयांवरून रांगत जायचं, मधला अडथळा ओलांडायचा, शिवाय एक उशीवजा वस्तू हात न लावता दोघांच्या अंगामध्ये धरून न्यायची. सगळा कारभार सात मिनिटांचा. दुसऱ्या गटातल्या जोडप्यांना चटईवर सावकाश चेंडू ढकलायला लावला. रांगणाऱ्यांना आपलं नातं आधीपेक्षा बरं वाटू लागल्याचं दिसलं; चेंडूवाल्यांच्या बाबतीत तसं घडलं नाही.

प्रयोगशाळेतली सात मिनिटं म्हणजे संसार नव्हे, हे तुमचं म्हणणं मला पटतं. मी 'नावीन्य, नावीन्य' म्हणून तो तुमच्यापुढे टाकला. एरन यांचा भरही त्यावरच होता. पण परवा पुन्हा वाचताना मला दिसलं ते वेगळंच. रांगायच्या शर्यतीत कुणीच उस्ताद नसतो. दोघंही सारखेच बावळट दिसतात, कुणी कुणाला शिकवत नाही. हा अर्थ माझा, त्यांच्या माथी मारत नाही.

आता आळसाची गोष्ट. हिच्यात माझी बाजू काही बरी नाही.

ओहोटीची कल्पनाही नवऱ्याचीच. मालवणकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती; सहा तास मागे गेलं की सकाळी सव्वाआठच्या सुमाराला ओहोटी. कॅलेंडरवर तृतीयेचा रविवार शोधून तो मला हाजी अलीजवळच्या खडकांवर घेऊन गेला. मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीला काय काय दिसतं ते 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले 2017 पासून लोकांना दाखवत आलेत, त्याबद्दल त्याने कुठेतरी वाचलं होतं. आम्ही मात्र आपले आपणच गेलो. खडकातल्या खळग्यांत रंगीत बटणं शिवून ठेवल्यासारखे जीव, बोटभर खेकडे, आणि काठीने स्पर्श करायलाही भीती वाटावी असं काहीतरी लिबलिबीत. कशाचंही नाव त्याला सांगता येईना. मालवणच्या माणसाला! मी इतकी हसले की दोन मुलं वळून बघायला लागली. पुष्कळ वर्षांत आम्ही दोघांनी तसं उकिडवं बसून एकाच डबक्यात बघितलं नव्हतं.

मग मी घसरले. चप्पल तुटली, सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. दादरला येईस्तोवर मेगाब्लॉक लागलेला, धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवलेल्या, गर्दी ही एवढी. पुलावर त्या गर्दीत मी त्याला म्हणाले, "तुझीच हौस ना? घे आता."

एवढंच. भांडण नाही, काही नाही. घरी येऊन पिठलं-भात खाल्लं.

त्यानंतर दीड वर्ष त्याने काहीही सुचवलं नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मला वाटलं, पन्नाशी आली, सोफ्याला चिकटला, आळशी झाला. आणि मी मागचा लेख लिहून टाकला. तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "सुचवणाऱ्याच्या नावावर बिल फाटतं." इतकंच बोलून पेपर वाचायला लागला. तर बदलापूरकर, तो शब्द कुठून आला ते हे असं.

वहिनींच्या 'नको'चं कारण मी मुलुंडात बसून सांगणं हा पुन्हा तोच आगाऊपणा होईल. पण बाईच्या बाजूने एक हिशोब मांडते, तो तुमच्या घरचा नसेल तर सोडून द्या. 'सहाला निघूया' म्हणजे चारला उठून डबा. मागे राहिलेल्यांचं जेवण. आठवड्याची भाजी निवडायची, पीठ वाटायचं, युनिफॉर्म धुवायचे, हे रविवारचं सगळं मग शनिवारी रात्री किंवा परत आल्यावर. अशा वेळी 'ट्रेकला येतेस का?' हा प्रश्न कानात शिरताना 'आणखी चार तास काम करतेस का?' असा होऊन शिरतो. उत्तर 'नको'च येणार. तिने ते ट्रेकला दिलेलं नसतं. निदान माझ्या ओळखीतल्या निम्म्याअधिक बायकांचं तरी असंच आहे. सांगत मात्र कुणी नाही. मी जशी पाठ पुढे केली तशी कुणी गुडघा पुढे करते.

चौथ्यांदा विचारायचंच असेल तर दोघांनाही येत नसलेलं काहीतरी शोधा आणि त्या दिवशी डबा बाहेरचा, हे आधी जाहीर करा. गाडी चुकली, पाऊस आला, तर ते कुणाच्या नावावर मांडायचं नाही हेही निघण्याआधीच ठरवा. आम्ही हे आत्ता कुठे ठरवतोय, त्यामुळे टिकतं की नाही ते विचारू नका.

ओहोटीसाठी बदलापूरहून हाजी अलीला या असं मी मुळीच म्हणणार नाही, तो तुमचा टोमणा रास्त आहे. नेरळ तुमच्यापासून तिसरं स्टेशन, उलट्या दिशेने, रविवारी सकाळी बसायलाही मिळेल. माथेरानची छोटी गाडी 1907 पासून तिथूनच चढते. पावसाळ्यात मात्र नेरळपासूनची सेवा बंद असते, तेव्हा आधी चौकशी करा. आणि जनरलच्याच डब्यात चढा, दोघंही.