सिलिंडरवरची ‘एक्सपायरी’: खुलासा

‘सिलिंडरच्या कडीखाली ए-२६ लिहिलंय, म्हणजे त्याची एक्सपायरी झाली, कधीही फुटेल’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. मुदत उलटलेली टाकी फुटतेच असं नाही, पण घेऊ नका, बदलून मागा.

खरी मुदत बघायची ती नळीची. शेगडीमागे तेलकट होऊन पडलेली ती केशरी नळी पाच वर्षांनी बदलायची, भेग दिसली तर लगेच. रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लावा; बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून मात्र बघू नका! गळतीची तक्रार: १९०६.