ड्रममधला मासा

गेल्या रविवारपासून गल्लीत मला कुणी नावानं हाक मारत नाही. "काय, मासा घावला काय?" एवढंच. आणि हे सगळं हातभर रेक्झिनपायी.

तर बोट. चौदा फुटी, फायबरची, तिघा मित्रांनी वर्गणी काढून गोव्याहून आणलेली जुनी. बेळगावजवळच्या हिडकल धरणाच्या ५१ टीएमसी पाण्यात एक गळ टाकून बसायचं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. परवानगीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर निवांत आहे, ते सोडा. सध्या बोट बेळगावातल्या अनगोळात, माझ्या दारात ट्रेलरवर उभी. स्टिअरिंगपुढचा डॅशबोर्ड उन्हानं तडकला होता, म्हणून ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या कुशनवाल्याकडून फोम घालून वर मरून रेक्झिन चढवून घेतलं. शंकरपाळ्यासारखी शिलाई. इतकी देखणी, की बोट चालवायची सोडून तिथंच डोकं टेकावं.

या गादीत मला फिश फाइंडर बसवायचा होता. कागदाचा साचा चिकटवला, ड्रिलला होलसॉ, म्हणजे गोल भोक पाडणारी करवत, लावला, बटण दाबलं. आधी ब्लेडनं रेक्झिन कापायचं, फोम खरवडून काढायचा, खालचं फायबर उघडं पडलं की मग भोक पाडायचं, हे ज्ञान मला त्यानंतर अर्ध्या सेकंदात झालं. होलसॉच्या दातांनी धागा पकडला आणि भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तशी शिलाई, फोम, रेक्झिन सगळं स्वतःभोवती गुंडाळून घेतलं.

"शिवणारा लै चांगला होता की रे," कंपाउंडवरून आवाज आला.

शेजारचे काका. उद्यमबागेत फौंड्रीत फोरमन होते, आता रिटायर. हातात कायम चहाचा स्टीलचा पेला.

"काय करुलैस गा?"

"मशीन बसवतोय, काका. पाण्यातले मासे दाखवतं."

"कुठल्या पाण्यातले?"

"हिडकलच्या."

"मग हितं कशाला बसवुलैस?"

मी गप्प.

"आन हे गोल काय?"

"होकायंत्र."

"हिडकलला जायाला? काकतीकडनं. उत्तर तिकडं हाय. खरं, तुझी सुई येळ्ळूरकडं तोंड करून बसलीय की."

(आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं आम्ही वाक्यागणिक शपथ घेतो.)

सुईचं मात्र त्यांचं बरोबर होतं. मी होकायंत्राच्या शेजारीच गाण्यांचा स्पीकर ठेवला होता आणि त्यातल्या लोहचुंबकानं उत्तर दिशा दक्षिणेला नेली होती. चूक काकांनी दाखवली याचाच राग जास्त आला.

मग वायरी जोडल्या, फ्यूज घातला, मशीन चालू केलं. आधी भाषा निवडायची होती. यादीत फिनिश होती, मराठी नव्हती. कन्नडही नव्हती. म्हणजे सीमाप्रश्न या एका स्क्रीनवर तरी बरोबरीत सुटला. पण पुढचा पडदा कोराच. जमिनीवर तो कोराच राहणार, कारण त्याचा सेन्सर पाण्यात आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. हे मी काकांना समजावून सांगितलं. तीच चूक झाली.

"पाणीच पायजे न्हवं?" म्हणत त्यांनी सेन्सर उचलला आणि वायर ओढत नेऊन आपल्या निळ्या ड्रममध्ये बुडवला. नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्यामुळे इथं प्रत्येक दारात एक हिडकल असतंच. ड्रममध्ये आवाज इकडून तिकडे आपटला, सेन्सरबरोबर बुडबुडे गेले, आणि मशीननं आपल्या अकलेप्रमाणे त्यांना मासे ठरवलं. पडद्यावर दोन मासे. एक मोठा.

"मासा हाय! नळाच्या पाण्यात मासा हाय!"

काका आयुष्यभर भट्टीच्या आवाजावर ओरडून बोललेले. तिसऱ्या गल्लीतून माणसं आली. एक वहिनी कळशी घेऊनच आल्या, "तरीच परवा वास येत होता." कुणी व्हिडिओ काढला. मी घसा कोरडा करून सांगतोय, ते बुडबुडे आहेत, मशीन फसतं. काकांनी सगळ्यांना भाषांतर करून सांगितलं, "मशीन फसवं हाय म्हणतोय. दुकानदारानं टोपी घातली बिचाऱ्याला."

वर्षभर पिवळं पाणी येतं तेव्हा यातलं एक माणूस बाहेर पडत नाही. त्या पाण्याच्या तक्रारअर्जावर सही मागायला गेलो होतो तेव्हा याच वहिनींना कुकर लावायचा होता. न झालेल्या माशासाठी मात्र चाळीस जण. बोलायचं होतं, पण हातात अजून मरून फोम अडकलेलं ड्रिल होतं. त्या अवतारात कोण ऐकणार?

कुशनवाल्याला फोटो पाठवला. त्यानं फोनच केला. "हे उसवलेलं न्हाई, साहेब. हे फाडलेलं हाय." मरून संपलंय, ठिगळ काळं मिळेल, आणि शंकरपाळ्या जुळणार नाहीत.

आज सकाळी काका पुन्हा कंपाउंडवर. स्टीलचा पेला पुढे केला, काठोकाठ पाण्यानं भरलेला.

"आजच आलंय. तेवढं मशीन घाल बघू ह्यात. मग चहा ठेवतो."