राणीचा गर्भ म्हणे!

इजिप्तमधल्या लक्सरच्या राण्यांच्या दरीत जाऊन आलेला माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. क्यूव्ही ५५ या थडग्यात, काचेच्या पेटीत, न जन्मलेल्या बाळाची इवलीशी ममी आहे. ‘रामसेस द ग्रेटचा चिमुकला मुलगा आमुनहेरखेपेशेफ वारला, बातमी ऐकून गरोदर राणीचा गर्भ पडला, दोघा भावंडांना एकत्र पुरलं.’ ऐकताना गलबलतं खरं. गाइडला बक्षिशीही बरी मिळत असणार.

मुळात तो गर्भ या थडग्यातला नाहीच. एर्नेस्तो स्कियापारेली यांच्या इटालियन चमूने १९०३ ते १९०५ दरम्यान इथे उत्खनन केलं. रामसेस द ग्रेटची राणी नेफरतारी हिचं थडगंही त्यांनाच, १९०४ मध्ये मिळालं. ही ममी त्यांना सापडली ती दक्षिणेकडच्या वेगळ्या दरीत. इथे ती नंतर आणून ठेवली. म्हणजे या ‘भावंडां’ची गाठ पडली ती विसाव्या शतकात!

‘पण पडलेल्या गर्भाची ममी कोण करतं? काहीतरी विशेष घडलं असणारच.’ असंही नाही. तुतानखामुनच्या थडग्यात असे दोन गर्भ नीट ममी करून, चिमुकल्या शवपेट्यांत ठेवलेले मिळाले.

बापही चुकीचा. या थडग्यातला आमुनहेरखेपेशेफ हा तिसऱ्या रामसेसचा मुलगा, विसाव्या राजवंशातला. तिसऱ्या रामसेसला दुसऱ्याचं, म्हणजे ‘द ग्रेट’चं, इतकं वेड की मुलांची नावंसुद्धा त्याच्या मुलांवरून ठेवली. आमुनहेरखेपेशेफ, खाएमवासेत, सगळी उसनी. त्यामुळे घोटाळा होतो. नेफरतारीचा मुलगा आमुनहेरखेपेशेफ वेगळा. त्याचा संबंध राजांच्या दरीतल्या केव्ही ५ या थडग्याशी. आणि आईचं म्हणाल, तर तिसऱ्या रामसेसचा कोणता मुलगा कोणत्या राणीचा, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. मग शोकाने कोसळलेली राणी नेमकी कोणती?

राहिला ‘चिमुकला’. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या एका बाजूला केसांची बट आहे, म्हणून तो लहान, असं धरतात. पण राजपुत्रांना ही बट मोठेपणीही दाखवत. हातात पंखा आहे, तोही खेळणं नव्हे, ‘राजाच्या उजव्या बाजूचा पंखाधारी’ या मानाच्या पदाची खूण. ज्याने ती चित्रं पाहिली त्याला वेगळंच जाणवतं: बाप स्वतः पुढे होऊन मुलाची एकेका देवाशी ओळख करून देतोय. रंग अजून ताजे वाटतात. आतल्या दालनात ग्रॅनाइटची शवपेटी आहे. राजपुत्राची ममी मात्र मिळालेली नाही.