करडई, जवस आणि एक चुकलेलं शीर्षक : मिरजेच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एफएडीएस-२ या जनुकावरच्या लेखाला मी 'शाकाहाराचं जनुक' असं शीर्षक दिलं आणि मटण खाणारी घरं रक्तानंच वेगळी असं सुचवलं, वर करडईच्या तेलाची भीती घातली, आणि तुमचे सासरे तर जतकडे त्याच तेलावर नव्वदी पार करून गेले.

पहिला मुद्दा मान्य. शीर्षक चुकलं, आणि चूक लहान नाही. 'अमक्यांच्या रक्तातच असतं' हे वाक्य आपल्याकडे आजवर कुणी कुणाविरुद्ध वापरलं, हे मला लिहिताना आठवायला हवं होतं.

मूळ अभ्यास २०१६ चा, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा. या जनुकात डीएनएच्या २२ अक्षरांचा एक तुकडा काहींना असतो, काहींना नसतो. पुण्यातल्या २३४ शाकाहारी लोकांपैकी ६८ टक्क्यांना तो आई-वडील दोघांकडूनही आलेला होता. तुलनेच्या अमेरिकी गटात १८ टक्क्यांना. मी इथंच थांबलो. त्याच निबंधात पुढं जगभरच्या नमुन्यांचे आकडे आहेत: दक्षिण आशियात ७० टक्के, आफ्रिकेत ५३, पूर्व आशियात २९, युरोपात १७. दक्षिण आशियाच्या त्या नमुन्यात लाहोरचे पंजाबी आहेत, बांगलादेशी आहेत. ते काही शाकाहारी म्हणून निवडलेले नव्हते, तरी आकडा पुण्यापेक्षा कमी भरत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वनस्पतीजन्य आहारामुळं हा तुकडा इथं टिकला, वाढला असावा असं संशोधक मांडतात. तो शाकाहाऱ्यांच्या मालकीचा आहे असं नाही. रविवारी रस्सा शिजणाऱ्या तुमच्या घरातही तो असण्याची शक्यता भरपूर आहे.

तेलाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. हे जनुक ज्या एन्झाइमचा आराखडा देतं, ते मेदाम्लाच्या साखळीत एक जादा दुहेरी बंध घालतं. मेंदूला आणि पेशींच्या पडद्यांना लागणारी लांब साखळीची मेदाम्लं मासे, अंडी, मटण यांतून आयती मिळतात; ज्वारी-डाळीवर राहणाऱ्या शरीराला ती बरीचशी घरी घडवावी लागतात, आणि तो तुकडा असला की हे काम जोरात चालतं. पण ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या मेदाम्लांच्या दोन्ही जातींसाठी कारागीर हा एकच. ज्याची गर्दी जास्त, त्याचं काम आधी. करडईच्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. त्यातून पुढं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल होतं आणि त्यातून शरीरात दाह वाढवणारे काही पदार्थ बनतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३.

करडई विष आहे असं मी लिहिलं नव्हतं. 'शाकाहारानं कर्करोग' असे मथळे त्या वेळी आले, ते मला तेव्हाही पटले नव्हते. त्या अभ्यासात कर्करोग मोजलेलाच नव्हता.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणाल, तर त्यांच्या ताटात करडई एकटी नसणार. शाळवाच्या रानाला काठानं करडई, कारण काट्यांमुळं गुरं आत शिरत नाहीत. आणि घरात जवसाची चटणी. माझी आई विट्याजवळच्या आमच्या गावी ती करायची. तव्यावर जवस टाकले की आधी गप्प असायचे, मग तडतडायला लागायचे, आणि एखादा उडून चुलीत पडला की ती तवा उतरवायची. लसूण, सुकी मिरची, मीठ घालून उखळात कुटायची. ते कुटणं महत्त्वाचं, कारण अख्खा जवस पोटातून बराचसा तसाच निघून जातो. तेव्हा तेल घाण्यावरून बरणीतून यायचं आणि पुरवून वापरलं जायचं. आता १५ किलोचा डबा येतो, तो संपला की दुसरा; आणि जवस बहुतेक घरांतून गेला. माझी तक्रार करडईवर नाही, या गेलेल्या जवसावर आहे.

शीर्षक आज बदललं आहे आणि जुनं काय होतं, का बदललं, तेही लेखाखाली लिहिलं आहे. जतला जाणं झालं तर घरातल्या थोरल्या बायकांना विचाराल का, तिकडं जवस पेरणं कधी थांबलं? उत्तर इथं लिहिलंत तर लेखात घालीन.