‘त्यांच्या आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही’ म्हणे!

कॉलेज-प्रवेशाचे दिवस आले की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. गोषवारा असा: लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, म्हणून त्यांची पोरं हायस्कूलनंतर शिकत नाहीत, वर शिक्षक त्यांना घास भरवतात, आपण मात्र कुणाच्या मदतीवाचून वर आलो.

किंमत नाही? अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेच्या २००९ च्या अहवालात ८९ टक्के लॅटिनो तरुणांनी कॉलेजचं शिक्षण महत्त्वाचं मानलं होतं. ज्यांनी हायस्कूलमध्ये किंवा त्यानंतर लगेच शिक्षण सोडलं, त्यांतल्या ७४ टक्क्यांनी कारण दिलं: घरी पैसे द्यायचे होते. आणि मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसची हजारो लॅटिनो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली, ती काय सुट्टी मागायला? आम्हाला हातकामाच्या वर्गांकडे ढकलू नका, कॉलेजच्या तयारीचे विषय शिकवा, ही त्यांची एक मागणी होती. पाठीशी उभ्या राहिलेल्या सॅल कॅस्ट्रो या शिक्षकाला अटक झाली.

‘शिकत नाहीत’ हेही आता शिळं झालं. २०१२ साली हायस्कूल संपवलेल्या लॅटिनो मुलांपैकी ६९ टक्के त्याच वर्षी कॉलेजात गेली. गोऱ्या मुलांचं प्रमाण ६७ टक्के होतं. पदवी हाती पडण्यात मात्र ती मागे आहेत, हे खरं. बरीच मुलं दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात, नोकरी सांभाळून शिकतात.

आता तो घास. प्रवेशाचं पत्र मे महिन्यात हातात असतं, ऑगस्टमध्ये मूल वर्गात नसतं. याला तिकडे ‘समर मेल्ट’ म्हणतात, उन्हाळ्यात विरघळणं. हायस्कूलच्या समुपदेशकाचं काम संपलेलं, कॉलेजचं सुरू झालेलं नाही. मधल्या काळात आर्थिक मदतीची कागदपत्रं, अनामत रक्कम, लसीकरणाचा दाखला, आणि प्रत्येकाची वेगळी तारीख. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नसेल, तर विचारणार कुणाला? हुशारीचा इथे काय संबंध? २०२४ च्या प्रवेशांसाठी सरकारने मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, नव्याने आणला, तेव्हा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार देतं तो ओळख क्रमांक) नसलेल्या पालकांना तो सुरुवातीचे काही महिने ऑनलाइन भरताच येत नव्हता. मूल जन्माने अमेरिकन नागरिक असलं तरी! अशा वेळी सोबत बसून अर्ज पुरा करून घेणारा शिक्षक लाड करत नसतो.

कॅलिफोर्नियातल्या हेवर्डच्या शाबो कॉलेजात १९८१ मध्ये फेलिक्स गॅलाविझ या समुपदेशकाने आणि पॅट्रिशिया मॅकग्राथ या इंग्रजीच्या शिक्षिकेने सुरू केलेला ‘पुएंते’ हा उपक्रम असाच. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थ पूल. लेखनाचा वर्ग, समुपदेशन आणि समाजातलाच एखादा मार्गदर्शक, या तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या. निबंध तर मुलांनाच लिहावा लागतो.

राहिला ‘आपण कुणाच्या मदतीवाचून’ हा मुद्दा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. म्हणजे आपल्यातले बहुतेक जण गाळणीतूनच इथे उतरले. मुलांचा फाफ्सा भरायला रात्री लॅपटॉप उघडून बसणारे बाबा इंजिनीयर असतात. आणि ती पदवी अनेकांनी सरकारी कॉलेजात, करदात्यांनी उचललेल्या खर्चावर घेतलेली असते. शिवाय पहिल्या दिवशी विमानतळावर न्यायला कोण आलं होतं, हेही त्या ग्रुपवर एकदा विचारून बघा.