आत्मज्ञान्याला नीती माफ असते का?

नमस्कार. तैत्तिरीय उपनिषदातल्या आनंदवल्ली या भागावरच्या माझ्या लेखाला तुम्ही घेतलेले दोन्ही आक्षेप मोलाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. पहिला असा, की 'मी चांगलं का केलं नाही, पाप का केलं' ही टोचणी ब्रह्म जाणणाऱ्याला उरत नाही, असं तैत्तिरीय उपनिषदच सांगतं. म्हणजे आत्मज्ञान ही नीतीतून सुटका झाली. दुसरा, सर्वांभूती एकच आत्मा म्हणणाऱ्यांनीच माणसांना शिवायचं नाकारलं, मग तो आनंद काय चाटायचाय? म्हणून सर्वांत एकच आत्मा मानणारं अद्वैतच टाकून द्यावं, असं तुमचं म्हणणं.

टोचणीचं वाक्य तिथे आहे, खरंच आहे. पण त्याच उपनिषदात त्याआधी शिक्षावल्ली हा भाग येतो. अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला गुरू 'सत्यं वद, धर्मं चर' सांगतो, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचं फारसं कुणी म्हणत नाही: 'यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि.' आमचं जे वागणं चांगलं असेल तेवढंच घे, बाकीचं नको. स्वतःच्या आचरणालाही चाळणी लावायला सांगणारी ही परंपरा ज्ञान्याला मोकळं रान देईल, हे मला पटत नाही. कठोपनिषद तर दारातच अडवतं: 'नाविरतो दुश्चरितात्', दुराचार न सोडलेल्याला नुसत्या बुद्धीने आत्मा गवसत नाही. आणि ज्ञान झाल्यानंतर काय? शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य 'नैष्कर्म्यसिद्धी'त विचारतात, अद्वैत कळलेला माणूसही मनाला येईल तसा वागणार असेल, तर घाण खाणाऱ्या कुत्र्यात आणि त्याच्यात फरक काय? याहून कडक शब्द अद्वैताच्या विरोधकांनाही सुचले नसते.

मग टोचणी का जाते? आनंदवल्लीच्या आठव्या अनुवाकात, म्हणजे परिच्छेदात, आनंद चक्क मोजला आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, बळकट आणि साऱ्या पृथ्वीचं धन ज्याच्याकडे आहे असा माणूस, त्याचा आनंद हे एक माप. तिथून शंभरपट, पुन्हा शंभरपट, असं ब्रह्मापर्यंत. म्हणजे लबाडाच्या सुखाला या हिशेबात पहिल्या पायरीवरही जागा नाही. पुढच्या प्रत्येक पायरीवर मात्र एक जोड आहे: 'श्रोत्रियस्य चाकामहतस्य', तोच आनंद वासनेने न ग्रासलेल्या वेदज्ञालाही मिळतो. ज्याला कुणाकडून काही ओरबाडायचंच नाही, त्याच्या हातून पाप घडण्याचं कारणच संपतं. पापाचा हिशेब माफ होतो, असा अर्थ मी तरी लावत नाही.

दुसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला बचाव करायचा नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात खुद्द शंकराचार्यांनी शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतले संत चोखोबा 1338 साली मंगळवेढ्याला भिंत कोसळून तिच्याखाली गेले, त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या महाद्वारासमोर बाहेरच आहे, आणि त्यांच्या लोकांना त्या देवळात पाऊल टाकता आलं ते 1947 साली. सहा शतकं! 'परमार्थात सगळे एक, व्यवहार वेगळा' या एका सबबीवर हे चालवून घेतलं गेलं, आणि ती सबब विद्वानांनीच पुरवली. बाबासाहेब आंबेडकरांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं आहे. प्रत्येक माणूस ब्रह्माचाच अंश आहे, या विचाराइतका भक्कम पाया लोकशाहीला दुसरा मिळणार नाही, हे ते मान्य करतात. आणि मग विचारतात की असा विचार हाताशी असून या देशात समता का आली नाही? या प्रश्नाला बगल देऊन आत्मानंदावर लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं.

तरीही अद्वैतच टाकून द्यावं, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. विठ्ठलाचं ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण करून प्राण पणाला लावले. त्यांच्या 'भारतीय संस्कृती'चं पहिलंच प्रकरण आहे 'अद्वैताचे अधिष्ठान'. देवळाचे पुजारी असलेल्या बडव्यांशी भांडायला त्यांना जे बळ लागलं, ते त्यांनी याच विचारातून घेतलं असं मी मानतो.