‘कुठलंही कार्ट्रिज लावा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगावच्या डाळमिलपासून गावोगावच्या बचत गटांच्या पापड-मसाल्यापर्यंत, पाकिटावर बॅच, तारीख आणि किंमत टाकायला हातात धरायचं इंकजेट कोडर आता सर्रास दिसतं. ते वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘मशीनवाल्याचं कार्ट्रिज (शाईचं डबडं) म्हणजे लूट. ४२ मिलीचं डबडं सगळ्यांचं एकच. स्वस्तातलं कुठलंही लावा, संपलं की सिरिंजने भरा, मशीनला काही होत नाही. उन्हाळ्यात तर सगळीच जाम होतात.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो.

‘डबडं एकच, म्हणजे शाई एकच’

डबडं एकच, हे कबूल. एचपी कंपनीच्या ‘४५’ कार्ट्रिजच्या धाटणीचं, ३०० नोझलचं (शाई उडवणाऱ्या बारीक भोकांचं), अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी उंचीची छपाई देणारं. आतली शाई मात्र मुख्यतः दोन जातींची असते. पाण्यातली शाई पुठ्ठ्यात, कागदात मुरते. प्लास्टिकच्या पाऊचवर ती मुरायला जागाच नसते. तिथे स्पिरिटमधली, म्हणजे सॉल्व्हंट शाई लागते. स्वस्त मिळालं ते बहुतेक वेळा पाण्यातलं निघतं, आणि पाऊचवरची तारीख हमालाच्या तळहातावर जाते.

नवं कार्ट्रिज घेतलं की आधी स्वतःच्या पाऊचवर छापा, दहा सेकंद थांबा, अंगठ्याने जोरात घासा. मग सेलोटेप चिकटवून झटक्यात ओढा. मसाला किंवा लोणचं असेल तर अक्षरांवर तेलाचा थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. तिन्हींत टिकली तरच पेटी मागवा. किंमत आणि तारीख वाचता आली नाही तर वजनमापवाल्यांना उत्तर तुम्हाला द्यायचंय, शाईवाल्याला नाही.

‘मशीनला काही होत नाही’

अर्धं खरं. या प्रकारात छपाईचं हेड कार्ट्रिजमध्येच असतं, त्यामुळे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. फोटो स्टुडिओतल्या प्रिंटरसारखं कायमचं हेड गमवायची भीती इथे नाही. पण गळलेली शाई मागच्या, वीज पोहोचवणाऱ्या पिनांवर गेली की मशीन कार्ट्रिज ओळखत नाही, किंवा अक्षरांच्या मधोमध पांढरी रेघ येते.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. नोझलमागचा बारीक हीटर शाई क्षणभर उकळवतो आणि त्या बुडबुड्याने थेंब उडतो. प्रत्येक शाईला किती व्होल्ट आणि किती मायक्रोसेकंदांचा पल्स (विजेचा झटका) द्यायचा, ते ठरलेलं असतं. चिपवाल्या कार्ट्रिजवरून काही मशीन ते आपोआप घेतात. बिनचिपवाल्याला हाताने भरावं लागतं. जास्त दिलं तर शाई हीटरवर करपून थर धरते आणि छपाई दिवसेंदिवस फिकी होते. कमी दिलं तर सुरुवातीपासूनच फिकी. विक्रेत्याकडून हे दोन आकडे लेखी घ्या. त्याला माहीतच नसतील तर माल घेऊ नका.

‘सिरिंजने भरा’

कार्ट्रिजच्या आत हवेचा उलटा, म्हणजे शाईला आत ओढून धरणारा ताण असतो, त्याच्यावरच शाई नोझलशी थांबून राहते. ठासून भरलं की तो जातो आणि थेंब टपकायला लागतात. शिवाय हीटर जुनाच, त्यात तळाशी घट्ट झालेली उरलेली शाई. केळीच्या खोक्यावर जाड अक्षरं हवी असतील, शाई त्याच जातीची आणि कार्ट्रिज आज-कालच संपलेलं असेल, तर एकदा भरून बघायला हरकत नाही. सॉल्व्हंटच्या बाबतीत या फंदात पडू नका.

‘उन्हाळ्यात सगळीच जाम होतात’

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये स्पिरिट लवकर उडतं, हे खरं. पण नोझल किती मिनिटं उघडं राहीपर्यंत पहिलं अक्षर पूर्ण येतं, यात शाईशाईत मोठा फरक असतो. एक, पाच आणि पंधरा मिनिटं थांबून छापून बघा, लगेच कळतं. जेवायला उठताना नोझल झाकायची क्लिप लावा. जाम झालंच तर नोझल खाली धरून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या बिनतंतूच्या कापडावर दोन-तीन सेकंद दाबा. टिश्यू नको, टाचणी तर नकोच. पाण्यातल्या शाईला डिस्टिल्ड वॉटर वापरा. बोअरचं जड पाणी नोझलवर क्षार सोडतं. अक्षर फिसकटत असेल तर दोष शाईलाच देऊ नका : पाऊच आणि नोझल यांत एक-दोन मिलीमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं तरी असंच होतं.

राहिला पैशांचा हिशेब. तो डबड्याच्या किमतीवर नाही, छापांवर करायचा. कार्ट्रिज सराफाच्या काट्यावर तोला, हजार छाप काढा, पुन्हा तोला. घटलेले ग्रॅम आणि फेकलेले पाऊच दोन्ही धरले की स्वस्त कुठलं, ते दिसतं.

आणि सुट्या पाऊचऐवजी पाऊचच्या प्लास्टिकच्या रोलवर छापत असाल तर आणखी एक. रोल गुंडाळला की छापलेली बाजू पुढच्या वेटोळ्याच्या आतल्या, म्हणजे डाळीला लागणाऱ्या बाजूवर बसते. शाई ओली राहिली तर ती थेट मालात. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरच्या शाईला आयएस १५४९५ हे मानक आहे. विक्रेत्याकडे त्याचा दाखला मागा.